दगडाला काय म्हणायचं

"हे काय आहे, विचार त्यांना," सर म्हणाले आणि हातातला दगड त्यांनी दुलमाआजींच्या नाकासमोर धरला.

ओयुनाने विचारलं. आजींनी दगडाकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळू नये याची कीव आल्यासारखा चेहरा करून त्या म्हणाल्या, "खातू."

"खातू," सर पुटपुटले. "ऐकलंस इंदू? चुलू नाही म्हणाल्या. खातू म्हणाल्या."

ऐकलं होतं मी. सकाळपासून दुसरं काय ऐकत होते? मंगोल भाषेत दगडाला चुलू म्हणतात, लोखंडाला तोमोर म्हणतात आणि कुऱ्हाडीला, हसू नका, सुख म्हणतात. दुलमाआजी मात्र दगडाला खातू, लोखंडाला खार आणि कुऱ्हाडीला चावचूर म्हणत होत्या. आमचे सर म्हणजे डॉक्टर चिंतामण खांबेटे, साठीला टेकलेले, कंबर धरलेली, आणि तरी त्या दाबलेल्या लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूत गुडघ्यांवर बसून असे खुलले होते की घरी मुंज काढलीय असं वाटावं.

का खुलले ते सांगायला हवं. मंगोल भाषांचं कुटुंब आपल्या कुटुंबांसारखंच आहे, पांगलेलं आणि भाऊबंदकीचं. थोरली घर धरून बसली, ती मंगोलियातली खाल्खा. एक बहीण बैकल सरोवराकाठी दिली, ती बुर्यात. एक रुसून पार व्होल्गाच्या काठी गेली आणि तिथलीच झाली, ती काल्मिक. काही जणी चीनच्या डोंगरांत शेजाऱ्यांशी बोलता बोलता ओळखू येईनाशा झाल्या. एक अफगाणिस्तानात होती, ती आहे की गेली हे नक्की कुणीच सांगत नाही. घरात माणसं एकूण किती यावर विद्वानांचं अजून जमलेलं नाही. आमच्या सरांना त्या घरात आणखी एक पान वाढायचं होतं. आयुष्यात बस तेवढंच हवं होतं त्यांना.

पुण्यात बसून मंगोल भाषा शिकणारा माणूस म्हणजे चेष्टेचा विषय. आमच्या विभागात त्यांना मागून 'चंगीझखान' म्हणत, आणि शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळे म्हणत. सरांनी सगळी नोकरी पोरांना संस्कृतची रूपं घोकायला लावण्यात घालवली आणि उरलेल्या वेळात हे वेड जोपासलं. येत्या जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. त्याआधी उलानबातरला जगभरच्या मंगोल-अभ्यासकांचं संमेलन होतं आणि सरांनी उत्साहाच्या भरात सगळ्यांना कळवून टाकलं होतं की आपण एक नवी भाषा घेऊन येत आहोत. सोमवारी त्यांचं भाषण होतं. आज गुरुवार होता आणि हातात काय, तर तीन शब्द.

"सर, खातू म्हणजे आमच्यात कठीण," ओयुना म्हणाली. ही मुलगी उलानबातरची, पण पुण्यात शिकून गेलेली. तिचं मराठी रिक्षावाल्यांशी भांडून तयार झालेलं, त्यामुळे अस्खलित. "आणि खार म्हणजे काळं. चावचूर म्हणजे तोडायचं काहीतरी."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "अर्थ सरकले. यांच्या भाषेत कठीण या शब्दाचाच दगड झाला. असं व्हायला हजार वर्षं लागतात, ओयुना. ही शाखा फार जुनी आहे."

ओयुना गप्प बसली. गुरूपुढे बोलायचं नाही हे ती पुण्यात नको तितकं शिकली होती. शिवाय आजी या भागातल्या नव्हेतच. पश्चिमेच्या कुठल्याशा खोऱ्यात बर्फाने सगळी जनावरं मेली, तेव्हा नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या. नवरा पुढे वारला, तिकडचं गणगोत कुणी उरलं नाही. एक लेक होती, ती उलानबातरला नोकरीला. आजूबाजूचे म्हणत, तिकडचं बोलणंच तसं, आपल्याला काय कळणार. ओयुना त्या लेकीची मैत्रीण, म्हणून तर आम्हाला हा पत्ता लागला.

या सगळ्यात चौथ्या होत्या खांबेटे काकू. सरांना मधुमेह, औषधांच्या वेळा पाळायला माणूस हवं, म्हणून त्या आल्या होत्या. स्वतःच्या तिकिटाला त्यांनी बांगड्या मोडल्या असं विभागात बोलत. खरं खोटं देव जाणे. त्यांनी भाकरीचं पीठ, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी एवढी आणली होती की वाटेत गाडी रुतली तेव्हा चालक त्या पिशवीकडे बघूनच काहीतरी पुटपुटला. मेंढीचं मटण त्यांना वर्ज्य, मीठ घातलेला दुधाचा चहा मात्र त्यांना आवडला. "आपलं पिठलं पातळ झालं की असंच लागतं," असं म्हणून त्या वाट्यामागून वाट्या पीत होत्या. भाषेचं अवाक्षर न कळता दुलमाआजींशी त्यांचं सूत असं जुळलं होतं की मला हेवा वाटावा. दोघी शेजारी बसून लोकर निवडत आणि आपापल्या भाषेत आपापल्या सुनांबद्दल, नाही तर जावयांबद्दल, बोलत असाव्यात असा माझा संशय आहे.

त्या दुपारी सर दगड खाली ठेवून काहीतरी लिहायला वळले, तेव्हा आजींनी ओयुनाला काही विचारलं.

"काकू, आजी विचारतायत, तुमच्या या माणसाचं नाव काय?"

काकूंनी पदर सारखा केला. "इंदू, तू सांग गं."

"मला नाही, तुम्हाला विचारतायत," मी म्हणाले. मला तेवढीच गंमत.

"अगं सांग ना. उगीच काय?"

आजी एकदा माझ्याकडे, एकदा काकूंकडे बघत होत्या. पुन्हा काहीतरी म्हणाल्या. ओयुनाने सांगितलं, "त्या म्हणतात, ही स्वतः का सांगत नाही?"

"त्यांना सांग, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत," काकू म्हणाल्या. "आता पोरी घेतात, खुशाल अरे-तुरे करतात. पण आम्ही नाही घेत. घ्यायचंच झालं तर उखाण्यात."

उखाणा म्हणजे काय हे ओयुनाला सांगता येईना, तेव्हा मी काकूंना म्हटलं, घेऊनच दाखवा. काकू लाजल्या. आढेवेढे घेऊन झाले. मग साठीच्या त्या बाईने तंबूच्या दारातून बाहेर पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"हिरव्या कुरणात उभी पांढरी गोल घरं,
चिंतामणरावांचं नाव घेते, पुन्हा विचारू नका बरं."

सरांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्यांचे कान लाल झाले होते.

ओयुनाने जमेल तसं आजींना समजावलं. आजींनी ऐकून घेतलं, हातातली वाटी खाली ठेवली आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी काकूंचा हात धरला, सरांनी ठेवलेला दगड उचलला, काकूंच्या मांडीवर ठेवला आणि भराभर बोलत सुटल्या. मग चुलीजवळच्या लोखंडी चिमट्याकडे बोट दाखवलं, दारामागच्या कुऱ्हाडीकडे दाखवलं. प्रत्येक वेळी तोंडावर हात ठेवायच्या आणि पुन्हा हसायच्या.



"काय म्हणतायत?" मी ओयुनाला विचारलं.

तिने सरांकडे चोरून पाहिलं. "त्या म्हणतात, हा दगड म्हणजे माझे सासरे. तो चिमटा थोरले दीर. आणि ती कुऱ्हाड मधले दीर. त्यांची नावं ती होती. आमच्यात असतात अशी नावं, माणूस दणकट व्हावा म्हणून. सुनेने ती घ्यायची नाहीत. नावाचा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. त्या म्हणतात, लग्न झाल्यापासून मी दगडाला दगड म्हटलेलं नाही. कठीण म्हणते."

 

आता बघा, मंगोल सुना असं करतात हे सरांनी वाचलेलं होतं. पानभर टिपण होतं त्यांच्याकडे. घरात तर रोजच चाललेलं. लग्न झाल्यापासून काकू त्यांना 'अहो' म्हणून हाका मारत आलेल्या, दूधवाल्याला 'आमच्याकडचे' म्हणून सांगत आलेल्या, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या चिंगी या नावातही 'चिं' येतो म्हणून तिलाही 'वन्सं'वर भागवत आलेल्या. आणि हा माणूस त्यातून हजार वर्षं जुनी शाखा काढून बसला होता. दुसऱ्या कुणाची चूक असती तर मी पोट धरून हसले असते. पण सरांनी चष्मा काढला आणि रुमालाने नाही, नुसत्या बोटांनी पुसायला लागले. काचा आणखी खराब झाल्या. मला रडू आलं, स्पष्टच सांगते.

"म्हणजे नवी भाषा नाही," ते म्हणाले.



"थांब," ते एकदम म्हणाले. "थांब, थांब. सासऱ्यांचं नाव दगड, कबूल. पण कुठल्या शब्दातला दगड? यांचं सासर पश्चिमेच्या खोऱ्यातलं. तिकडे दगडाला चुलूच म्हणत असतील कशावरून? तिसराच शब्द असला तर? इंदू, त्या शब्दाखाली काय झाकलंय हे कुणी पाहिलंय? त्यांनी एकदा, फक्त एकदा तो शब्द म्हटला की झालं."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा. पण तर्क म्हणून चुकीचा नव्हता, हेही खरं. ओयुनाने भीत भीत आजींना विचारलं. आजींनी नकारार्थी मान हलवली. गणगोतात कुणी उरलं नसलं म्हणून काय झालं, सासरे ते सासरे.

"उखाण्यात घ्यायला सांगा," सर काकूंना म्हणाले. "शिकवा त्यांना."

काकूंनी शिकवलं. मी आयुष्यात पाहिलेला तो सगळ्यात विचित्र वर्ग. यमक, ताल, शेवटी नाव, सगळं ओयुनामार्फत. आजी हुशार, त्यांना चटकन जमलं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरात सुरू केलं. घोड्यांबद्दल काहीतरी होतं, पहाडाबद्दल होतं. सरांनी ध्वनिमुद्रकाचं बटण दाबलं. आजी शेवटच्या ओळीला आल्या, आवाज चढला, नावाच्या जागेपाशी पोहोचल्या, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग स्वतःच हसल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथेच थांबल्या.

"राहू दे आता," सर म्हणाले आणि त्यांनी बटण बंद केलं. "इतकी वर्षं पाळलेलं. माझ्यासाठी कशाला मोडायचं?"

ते उठले. गुडघे वाजले. आजी त्यांच्याकडे बघत होत्या. सरांचा चेहरा काही कुणापासून लपणारा नव्हता. आजींनी काकूंचा हात धरला आणि ओयुनाला दोन वाक्यं सांगितली.

"त्या म्हणतात, त्यांच्या सासरी नवी सून आली की थोरली जाऊ तिला घराबाहेर नेते आणि नावं एकदाच कानात सांगते. नाही तर कुठले शब्द टाळायचे हे तिला कळणार कसं? त्यांना धाकटी जाऊ कधी मिळाली नाही. त्या म्हणतात, काकू आजपासून त्यांची धाकटी जाऊ."

दोघी बाहेर गेल्या. सर तंबूच्या दारात उभे राहिले आणि मी त्यांच्या मागे. कुरणात दूरवर दोन बायका, एक नऊवारीतली आणि एक निळ्या डगल्यातली. निळ्या डगल्यातलीने काकूंच्या अंबाड्याजवळ तोंड नेलं. काही क्षण तशीच राहिली. मग काकूंनी वळून आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश चालत आल्या.

"काय म्हणाल्या?" सरांनी विचारलं.

"सांगता नाही यायचं."

"म्हणजे?"

"जावेचा सासरा तो माझाही सासरा. त्यांचं नाव मी कशी घेऊ?"

"अगं, हे शास्त्र आहे."

"असेल. मी शब्द दिलाय तिला."

"उखाण्यात तरी घे."

"उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात, अहो. सासऱ्याचं कुणी घेतलेलं ऐकलंय तुम्ही?" काकू म्हणाल्या आणि भाकऱ्या थापायला आत गेल्या.

सर बघतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

सोमवारी ते व्यासपीठावर गेले. लिहून आणलेलं भाषण त्यांनी बाजूला ठेवलं आणि घडलं तसं सांगितलं, स्वतःच्या फजितीसकट. उखाणा म्हणून दाखवला, त्याचा अर्थ सांगितला. एवढे मोठे विद्वान, आधी मिशीत हसले, मग उघड हसले. बुर्यात प्रदेशातल्या एक बाई उठून म्हणाल्या, माझी आजी लांडग्याला शेपटीवाला म्हणे, आम्हाला वाटायचं तिला भीती वाटते. मग आणखी कुणी उठलं, त्याच्या आईचं सांगायला लागलं. सत्राची वेळ संपली तरी कुणी हलेना. शेवटी एका जर्मन गृहस्थांनी विचारलं, मग त्या खोऱ्यात दगडाला म्हणतात तरी काय?

"ते माझ्या बायकोला ठाऊक आहे आणि ती सांगत नाही," सर म्हणाले. "तेव्हा प्रश्न मी खुला ठेवला आहे."

आणि त्यांनी तो खरोखर खुला ठेवला. निवृत्त झाले आणि बाकीचे निवृत्त लोक करतात तसे पेपरातल्या बातम्यांवर चिडत बसले नाहीत. पश्चिमेकडच्या बोलींची पुस्तकं मागवली, काल्मिक शिकले, रशियन शिकले, पत्रव्यवहार वाढवला. कुणी भेटायला गेलं की सांगत, "भाषा जवळजवळ हातात आहे. एका शब्दावर अडलंय." मग स्वयंपाकघराकडे बघून मोठ्याने म्हणत, "आणि तो शब्द या घरातच आहे." आतून भांडं आदळल्याचा आवाज येई. त्यांनी काकूंना पैठणी आणून विचारलं, रागावून विचारलं, ताप आला असताना केविलवाणं तोंड करून विचारलं. काकू बधल्या नाहीत. दोघांचा तो खेळच झाला होता. शेवटचं दुखणं आलं तेव्हाही टेबलावर काल्मिक शब्दकोश उघडा होता.

सर गेल्यानंतर वर्षभराने मी काकूंकडे गेले. त्या मटार सोलत होत्या. मीही चार शेंगा पुढ्यात ओढल्या. इकडचं तिकडचं झालं, आणि मग मला राहवेना.

"काकू, आता तरी सांगा. काय होता तो शब्द?"

"तोच गं," त्या म्हणाल्या.

"तोच म्हणजे?"

"तुमच्या पुस्तकात आहे तोच. ती सगळी माणसं म्हणतात तोच. हे दिवसभर दगड हातात धरून जो म्हणत होते तोच. नाव घेत नाही मी, पण तोच. बाकीची दोनही तशीच."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "आणि तुम्ही सरांना इतकी वर्षं..."

"तिने कानात सांगितलं आणि मी मागे वळून पाहिलं. हे दारात उभे, हातात चष्मा. काय चेहरा होता गं तो. सांगितलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. मग घरी येऊन काय केलं असतं त्यांनी? माझ्या डब्यांना लेबलं लावत फिरले असते. मला म्हटलं, देवा, ही रीत बरी सापडली." त्यांनी दाणे भांड्यात टाकले. "थोडं पाप लागलं असेल. लागू दे."

आता माझी पाळी होती. एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती, कारण मला तिचा अर्थच लागला नव्हता.

"काकू, संमेलनाच्या शेवटच्या दिवशी दुलमाआजींची लेक तुमच्यासाठी वाळवलेलं दही घेऊन आली होती, आठवतं? तुम्ही पिशव्या बांधत होतात. मी तिला विचारणार होते, तुझ्या आजोबांचं नाव काय. नातीला कसली आडकाठी, ती पटकन सांगून मोकळी झाली असती. मी तोंड उघडलं आणि सरांनी माझ्या पायावर पाय दिला."

काकूंचे हात थांबले. "चुकून पडला असेल."

"दाबून धरला. ती जाईपर्यंत काढला नाही. नंतर मला म्हणाले, हे काकूंना बोलायचं नाही. त्यांना त्यांचं गुपित ठेवू दे."

 काकूंनी भांडं बाजूला सरकवलं.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तोच शब्द आहे हे ठाऊक होतं त्यांना. नाही तर तिला विचारल्यावाचून सोडलं असतं?"

"एवढे हुशार होते, काकू. तुमच्या तोंडाकडे बघूनच कळलं असेल."

"आणि तरी विचारत होते. पैठणी आणून विचारलं गं मला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यांना हसू फुटलं, आवरेना. "लबाड कुठला. इतकी वर्षं फसवत राहिला मला."